दावा धूळ खातोय? आधी त्याची पोहोच दाखवा

पत्र: आमची छोटी संस्था चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावासोबत काम करते. ८४ घरं, ३१२ प्रौढ माणसं. गोंड, ढिवर आणि थोडी कुणबी वस्ती. गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाचं परंपरेचं जंगल राखण्या-वापरण्याच्या हक्काचा दावा अडीच वर्षांपूर्वी प्रांत कार्यालयात दिला. अजून निर्णय नाही. कधी सांगतात 'जीपीएस नकाशा लावा', कधी 'तुमच्याकडे संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहे ना, मग वेगळा दावा कशाला', कधी 'ढिवर-कुणब्यांचे ७५ वर्षांचे पुरावे आणा'. लोक कंटाळलेत. संस्थेत निम्म्यांना मोर्चा हवाय, निम्म्यांना हायकोर्ट. देणगीदार म्हणतात, 'धोरणबदलाचं' काम दाखवा. सुरुवात कुठून करू? – एक कार्यकर्ती

ताई,

तुमच्या पत्रात अडीच वर्षं आहेत, तीन आक्षेप आहेत, पण तारीख एकही नाही. दावा कोणत्या दिवशी दिला, आवक क्रमांक काय, कुठला आक्षेप कोणत्या पत्राने आला, यातलं काहीच नाही. बहुधा आक्षेपाचं पत्र आलेलंच नसावं, टेबलापलीकडून कुणीतरी सांगितलं असेल. अडवणूक बहुतेक वेळा तोंडीच असते. तिच्यावर अपील करता येत नाही, ती कोर्टात टिकत नाही आणि मंत्र्यापुढे ठेवायलाही हातात काही नसतं. म्हणून मोर्चा की हायकोर्ट हे भांडण दोन महिने बाजूला ठेवा. तेवढ्यात जे तोंडी आहे ते कागदावर आणायचं.

गावाकडची स्थळप्रत काढा आणि तिच्या पहिल्या पानावरचा शिक्का नीट बघा. पोहोच म्हणजे कार्यालयाचा शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही आणि आवक क्रमांक. या चारांतला आवक क्रमांक राहून जातो. शिक्का आहे, सही आहे, क्रमांक नाही, ही सगळ्यात फसवी अवस्था: गावाला वाटतं दावा दिला, कार्यालयाच्या नोंदवहीत तो आलेलाच नसतो. तसं असेल तर संच पुन्हा द्या, पण 'नवा दावा' हे शब्द चुकूनही लिहू नका. 'दिनांक अमुक रोजी सादर केलेल्या दाव्याची प्रत' असं लिहा, नाहीतर अडीच वर्षं तुमच्याच हाताने पुसली जातील. प्रत्येक पानावर लाल पेनाने क्रमांक टाका, वर अनुक्रमणिका लावा आणि अर्जातच 'एकूण पाने इतकी' असं नमूद करा. पुढे ठरावाचं पान किंवा हजेरीची यादी 'सापडत नाही' असं ऐकू आलं, तर हा आकडा कामाला येतो. मूळ ठराव बही गावातच राहू द्या, कार्यालयात फक्त साक्षांकित प्रत.

आणि हे सगळं ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समितीच्या अध्यक्ष-सचिवांच्या सहीने, ग्रामसभेच्या कागदावर. तुमच्या संस्थेचं लेटरहेड त्या संचात कुठेही नको.

त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज द्या. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चालतं. 'आमच्या दाव्याचं काय झालं' असं विचारलं की 'कार्यवाही सुरू आहे' हे ठरलेलं उत्तर येतं. त्याऐवजी कागद मागा: दाव्याच्या नस्तीतली टिपणी, प्रांत स्तरावर दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीच्या गेल्या तीन वर्षांतल्या बैठकांच्या तारखा व इतिवृत्तं, आणि प्रलंबित सामूहिक दाव्यांची यादी, प्राप्त झाल्याच्या तारखांसह. उत्तराला ३० दिवसांची मुदत. बऱ्याचदा यातूनच खरं कारण कळतं. दाव्यात काही खोट नसते, समितीची बैठकच झालेली नसते. कायद्याने या समितीत महसूल, वन आणि आदिवासी विकास खात्याचे अधिकारी असतात, शिवाय पंचायत राज संस्थांचे तीन सदस्य, त्यांत दोन अनुसूचित जमातीचे आणि किमान एक स्त्री. पंचायत समित्यांवर प्रशासक बसतात तेव्हा या तीन खुर्च्या रिकाम्या राहतात आणि बैठक न घेण्याला आयतं निमित्त मिळतं.

आता तीन आक्षेप.

जीपीएसचा आक्षेप कायद्यात बसत नाही. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत ६ सप्टेंबर २०१२ रोजी ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांत नियम १२ मध्ये सामूहिक वनसंपत्तीच्या नकाशाबद्दल स्पष्ट लिहिलंय: हद्द माहीत असलेल्या जाणत्या माणसांना घेऊन पारंपरिक सीमा आखायची, ओळखू येतील अशा खुणांचा नकाशा करायचा आणि ग्रामसभेने तो साध्या बहुमताने मंजूर करायचा. नाला, बोडी, टेकडीचं टोक, देवस्थान, जुना गाडरस्ता या खुणा पुरेशा आहेत. शिवाय नियम १२-क सांगतो की समित्यांनी अमुकच प्रकारच्या कागदी पुराव्याचा आग्रह धरायचा नाही. तरीही आमचा सल्ला असा की फोनवर जीपीएसचं ॲप लावून हद्द एकदा चाला. हद्द जिथे वळते तिथे एक बिंदू आणि एक फोटो, आणि शेवटी हे बिंदू वनखात्याच्या कक्ष क्रमांकांच्या (खात्याने पाडलेल्या जंगलाच्या भागांच्या) नकाशावर बसवा. नियम मागतो म्हणून नव्हे. क्षेत्रफळ तुम्ही मोजलं नाही तर दुसरं कुणीतरी मोजेल, आणि त्याच्या मोजणीत ते कमीच भरेल. अर्जात मात्र 'पूरक म्हणून जोडला आहे' असंच लिहा, 'आक्षेपाची पूर्तता' असं नको. नाहीतर पुढच्या दहा गावांना तुमचंच उदाहरण दाखवलं जाईल.

संयुक्त वन व्यवस्थापनाचा आक्षेप तर उलटवता येतो. ती समिती वनखात्याच्या योजनेतून आलेली, वनहक्क संसदेच्या कायद्यातून आलेला. एकीमुळे दुसरा अडत नाही. उलट त्या समितीचा करारनामा, गस्तीच्या नोंदी, रोपवनाच्या कामांची हजेरी हे सगळं दाव्याला जोडा, कारण गाव हे जंगल राखत आलंय हे खुद्द वनखात्याच्याच कागदांतून सिद्ध होतं आणि कलम ३(१)(झ) नेमकं तेवढंच विचारतं. फक्त एक जपा. त्या करारातला नकाशा बहुधा दोन-चार कक्षांपुरता असतो आणि गावाचा वावर त्याहून खूप मोठा. करारातली हद्द म्हणजेच दाव्याची हद्द, असं होऊ देऊ नका. नियम १२ च्या स्पष्टीकरणात राखीव किंवा संरक्षित वनाच्या कायदेशीर सीमाही धरता येतील असं म्हटलंय.

७५ वर्षांचा आक्षेप अर्धा खरा आहे. इतर पारंपरिक वननिवासींना, म्हणजे अनुसूचित जमातीत नसलेल्यांना, १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं दाखवावी लागतात. हिशेब १९३० पर्यंत मागे जातो. पण ही अट त्या भागात राहण्याची आहे, तोच तुकडा ७५ वर्षं कसल्याची नाही. अनेक कार्यालयांत हा फरक मुद्दाम किंवा अजाणता पुसला जातो. विदर्भात याचे पुरावे मिळणं त्यामानाने सोपं: तहसीलच्या अभिलेख कक्षात निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज (गावच्या वहिवाटींची जुनी नोंद), १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, कोतवालाच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. नोंदीतल्या नावापासून आजच्या घरापर्यंत वंशावळ जोडली की साखळी पूर्ण होते. त्यावर गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब घ्या, ते स्वतः दावेदार नसलेले हवेत. नियमाला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, दहा नाही. निस्तार पत्रक आधी मिळवा. गाव कोणत्या जंगलातून काय आणत होतं हे त्यात सरकारनेच लिहून ठेवलेलं असतं, म्हणजे ढिवर-कुणब्यांचाच नव्हे, अख्ख्या गावाचा प्रश्न त्याने हलका होतो.

इथे थोडं थांबून देणगीदारांच्या 'धोरणबदला'कडे येऊ, कारण त्यावरून संस्था भरकटतात. धोरण मुंबई-दिल्लीत ठरतं आणि गावात फक्त पोहोचतं, असं यात गृहीत धरलेलं असतं. वनहक्काच्या बाबतीत ते बऱ्याचदा उलट झालंय. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचंच बघा. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपजात (इमारती लाकूड सोडून जंगलातल्या इतर उत्पन्नात) मोडतो आणि गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेची, म्हणजे कागदावर सगळं स्वच्छ. पण बांबू तोडून गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा, आणि खातं देईना. हक्क आहे पण गाडी हलत नाही, अशी दोन वर्षं गेली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं गेलं. पुढल्या वर्षीच्या दुरुस्तीत वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यायचा, हे नियमातच आलं. नियम १२-क चंही तेच. वनखात्याचा माणूस पडताळणीला येत नाही आणि नंतर 'आम्ही नव्हतो' म्हणून आक्षेप घेतो, हे रडगाणं गावोगावच्या संघटना सांगत होत्या, आणि त्याचा बंदोबस्त त्या नियमात केलेला दिसतो. 'नोटीस मिळाल्यावर अधिकाऱ्यांनी हजर राहून सही करावी' हे वाक्य कुणी वातानुकूलित खोलीत सहज सुचलं म्हणून लिहीत नसतं.

त्या नियमाचा वापर नीट समजून घ्या, कारण तो अर्धाच सांगितला जातो. अधिकारी आले नाहीत म्हणून गावाचा निष्कर्ष पहिल्याच वेळी अंतिम होत नाही. गैरहजर राहून नंतर आक्षेप घेतला, तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत यायचा. दुसऱ्यांदाही ते आले नाहीत, तर ग्रामसभेचा पडताळणीवरचा निर्णय अंतिम. म्हणजे दोन्ही वेळच्या नोटिसा आणि त्यांच्या पोहोचा तुमच्याकडे हव्यात. नोटीस वनपरिक्षेत्र अधिकारी आणि तहसीलदार अशा दोघांना, किमान १५ दिवस आधी, वार-वेळ-ठिकाण लिहून द्या. 'जंगलात भेटू' नको, 'सकाळी ८ वाजता शाळेच्या पटांगणात' असं लिहा. पंचनाम्यात गैरहजर अधिकाऱ्यांचं पद लिहून समोर 'सूचना देऊनही अनुपस्थित' एवढंच. टोमणे नकोत.

आता घरातलं बघा. दावा ज्या ग्रामसभेत मंजूर झाला तिची हजेरी मोजलीत का? गणपूर्ती म्हणजे एकूण सदस्यांच्या निम्मे. तुमच्या ३१२ मध्ये १५६, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया, म्हणजे १५६ आले तर ५२. शिवाय दाव्यांवर ठराव असेल तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर हवेत. ही ग्रामसभा तुमच्या गावाची, अख्ख्या गट ग्रामपंचायतीची नव्हे. गट ग्रामपंचायतीच्या बहीत चार गावांची मिळून हजेरी घेतली असेल तर ठराव लंगडा आहे. वनहक्क समितीही तपासा: १० ते १५ सदस्य, किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे, किमान एक तृतीयांश स्त्रिया. कुठे उणं असेल तर आत्ताच सभा घेऊन ठराव कायम करून घ्या. वरच्या समितीत ते निघालं तर आणखी एक वर्ष जाईल. सभा तेंदूच्या हंगामात ठेवू नका; मे महिन्यात गाव पहाटेच जंगलात असतं आणि संध्याकाळी पानं जमा करायच्या फडीवर. रोवणीच्या दिवसांतही नको. धान घरात आल्यावर, रात्री जेवणं उरकून, कंदील-बल्बाखाली भरलेल्या सभेत १५६ चा आकडा सहज ओलांडतो. बायकांची सही-अंगठ्याची यादी वेगळ्या पानावर घ्या, मोजायला सोपी जाते.

शेजारच्या गावाची हद्द कुठे आडवी येते का, तेही आत्ताच मिटवा. दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून निष्कर्ष लेखी द्यायचा, अशी तरतूद आहे. हे भांडण प्रांतांपर्यंत गेलं की दोन्ही दावे थांबतात आणि थांबवणाऱ्याला हातही हलवावा लागत नाही.

एवढं झालं की वर चढायचं. अपील निर्णयाविरुद्ध होतं, गप्प बसण्याविरुद्ध नाही, म्हणून पहिली मागणी 'निर्णय द्या' हीच. उपविभागीय समितीला लिहा: शंका असेल तर दावा कारणं लिहून ग्रामसभेकडे पाठवा, फेटाळायचा किंवा बदलायचा असेल तर सकारण आदेश काढा. नियम १२-क ने दोन्ही गोष्टी त्यांच्यावर बंधनकारक केल्यात. आदेश आला की ६० दिवसांत जिल्हा समितीकडे. काहीच आलं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांना पत्र द्या आणि त्यात नियम १२-ख सांगा: वननिवासी असलेल्या गावांना कलम ३(१)(झ) चे हक्क मिळतील हे बघणं जिल्हा समितीचं काम आहे, आणि जिथे ते दिलेले नाहीत तिथे त्याची कारणं समितीच्या सचिवांनी नोंदवायची असतात. ती नोंद मागा. प्रत पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेला, राज्यात या कायद्याचं काम तिथून पाहिलं जातं. यानेही हललं नाही तर कलम ७ व ८ खाली ग्रामसभेने ठराव करून राज्यस्तरीय सनियंत्रण समितीला ६० दिवसांची नोटीस द्यावी. दंड फार तर १,००० रुपये, त्याला कुणी भीत नाही. पण त्या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात आणि नोटिशीवर जिल्ह्याकडून अहवाल मागवला की फाइलला पाय फुटतात. हायकोर्ट यानंतर. नागपूर खंडपीठापुढे तेव्हा तुमची मागणी एका ओळीची असेल, 'ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा', आणि पाठीशी पोहोचांची माळ असेल.

मोर्चाला आमचा विरोध नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या किसान सभेच्या लाँग मार्चने वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचं लेखी आश्वासन सरकारकडून घेतलं, आणि मार्च २०२३ मध्ये पुन्हा निघालेल्या मोर्चातही वनहक्काची मागणी होतीच. मोर्चाने बैठक लागते. त्या बैठकीत कोणते दावे पुढे येणार, हे ज्यांच्या हातात आवक क्रमांक आहेत त्यांच्यावर ठरतं. तेव्हा जाल तर यादी घेऊन जा.

ती यादी म्हणजेच देणगीदारांना हवं असलेलं धोरणाचं काम. तालुक्यात तुमच्यासारख्या आणखी किती गावांचे दावे अडलेत ते शोधा, दुसऱ्या संस्थांच्या गावांसह. एका पानावर तक्ता करा: गाव, दाव्याची तारीख, आवक क्रमांक, सांगितलेला आक्षेप, तो कोणत्या नियमाविरुद्ध आहे. अकरा गावांपैकी नऊ गावांना जीपीएसचंच कारण सांगितलं असेल, तर तो अकरा गावांचा प्रश्न राहत नाही, त्या कार्यालयाची पद्धत ठरते. जिल्हाधिकाऱ्यांनी 'जीपीएस नकाशाअभावी दावा प्रलंबित ठेवू नये' असं एका परिच्छेदाचं परिपत्रक काढलं की तालुक्यातलं धोरण बदललं. देणगीदारांना चाळीस पानी अहवाल हवा असेल तर तो नंतर लिहा. अधिकारी पहिलं पान वाचतात, तेही उभ्याउभ्या. जिल्ह्यात वनहक्कासाठी नेमलेले समन्वयक असतील तर त्यांच्याशी वैर नको. ते कंत्राटी असतात, अधिकार थोडे, पण नस्ती कोणत्या कपाटात आहे हे त्यांनाच ठाऊक असतं.

संस्थेने मागे राहायचं म्हणजे काय, हेही सांगतो. सुनावणीत प्रश्न विचारला की उत्तर वनहक्क समितीच्या बाईंनी द्यावं. त्या अडखळल्या तरी तुम्ही तोंड उघडायचं नाही. इतिवृत्त सचिवाच्या भाषेत, त्याच्याच अक्षरात. 'सहभागी प्रक्रियेतून शाश्वत व्यवस्थापन' असले शब्द ठरावात दिसले की वनखात्याचा माणूस लगेच ओळखतो की दावा बाहेरच्यांनी लिहिलाय, आणि त्यानंतर बोलणं जंगलाबद्दल न राहता तुमच्या संस्थेबद्दल सुरू होतं.

हक्काची सनद मिळेल त्या दिवशी हारतुरे नंतर. आधी जोडपत्र चार, म्हणजे नियमांतल्या नमुन्यातली ती सनदच, वाचा. कक्ष क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा तुमच्या नकाशाशी ताडून बघा. त्याच्या छापील मजकुरात एक वाक्य असतं, की कायदा आणि नियम यांखेरीज या वनसंपत्तीवर कोणतीही अट घातलेली नाही. ते वाक्य गायब असेल, किंवा त्याखाली टाइप करून 'वनखात्याच्या कार्य आयोजनेस अधीन राहून' अशी ओळ घुसवलेली असेल, तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या. आणि अंतिम नकाशा करून महसूल व वन अभिलेखांत हक्काची नोंद घ्यायला जास्तीत जास्त तीन महिन्यांची मुदत आहे, तीही कॅलेंडरवर लिहून ठेवा.